मयेकर बाईंनी घेतलेलं माप

परळला आमच्या हॉस्पिटलच्या लॉबीत सध्या एक भला मोठा फलक लावला आहे. अवघडातल्या अवघड हृदयावर आमच्याकडे इलाज होतो, असं त्यावर लिहिलंय आणि खाली आमच्या विभागप्रमुख सरांचा हाताची घडी घातलेला फोटो आहे. मी रोज सकाळी त्या फलकासमोरून जातो आणि रोज माझं डोकं फिरतं. आधी फोटोतल्या माणसाचा राग येतो, मग मजकूर लिहिणाऱ्याचा, आणि लिफ्टपर्यंत पोचेस्तोवर स्वतःचा यायला लागतो. मयेकर बाई असत्या तर पहिल्याच दिवशी सिक्युरिटीवाल्याला बोलावून त्यांनी तो फलक उतरवायला लावला असता. त्यानेही निमूट उतरवला असता, कारण बाईंना नाही म्हणायची त्याची टाप नव्हती. टाप आमच्यापैकी कुणाचीच नव्हती. पाठीमागून मात्र आम्ही सगळे शूर होतो.

मयेकर बाई आमच्याकडे सीटी स्कॅनच्या टेक्निशियन होत्या. ठेंगण्या, पांढऱ्या कोटाच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, चष्मा कायम कपाळावर. त्यांचं खरं काम काय होतं ते सांगायला थोडं हृदयात शिरावं लागेल. हृदयातून रक्त बाहेर पडतं त्या दारावरची झडप म्हातारपणी चुना साठून आखडते. मग माणसाला दम लागतो, चक्कर येते, आणि एक दिवस तो बसल्या जागी जातो. पूर्वी ही झडप छाती उघडूनच बदलत. आता जांघेतल्या रक्तवाहिनीतून एक नळी वर सरकवतात आणि तिच्यात घडी करून ठेवलेली नवी झडप जुनीच्या जागी उघडतात. हे सगळं मापावर चालतं. झडप लहान निघाली तर बाजूने रक्त गळतं, मोठी निघाली तर आतली जागा फाटते, आणि जांघेतली नस बारीक किंवा वेडीवाकडी असेल तर नळी वर जातच नाही. ही मापं सीटीच्या चित्रांवरून काढायची असतात. आमच्याकडे ती मयेकर बाई काढायच्या.

त्या लालबागच्या. वडील गिरणीत होते, आई चाळीत ब्लाउज शिवायची. लोक मापाला जुना ब्लाउज पाठवतात, तसा त्यांच्या आईला चालायचा नाही. बाईने स्वतः यायला हवं, टेप अंगावर लागायला हवी. ती आजारातून उठलीय की बाळंतपणातून, हे जुना ब्लाउज सांगत नाही, असं त्या माउलीचं म्हणणं. मयेकर बाईंनी हीच शिस्त हॉस्पिटलात आणली. पेशंट बघितल्याशिवाय त्या चित्रावर माप घ्यायच्या नाहीत. वॉर्डात जाऊन त्याच्या पलंगाशी स्टूल ओढून बसायच्या. रात्री किती उशा लागतात, जिन्यात कुठे थांबता, सकाळपासून पोटात काय गेलंय, असं सगळं विचारायच्या. मग खाली येऊन चौकोनी रेघांच्या वहीत मापं मांडायच्या. सकाळी एकदा, जेवणानंतर एकदा, आणि घरी जायच्या आधी एकदा. तिन्ही जुळली नाहीत तर दुसऱ्या दिवशी पुन्हा. आम्हा डॉक्टरांना हा वेळकाढूपणा वाटायचा, आणि तसं आम्ही कॅन्टीनमध्ये बोलायचोही.

मी नवा होतो तेव्हाची गोष्ट. मी मूळ गिरगावातला, खोताच्या वाडीच्या मागच्या गल्लीतला, इंग्रजी पुस्तकं पाठ करून आलेला. एका पेशंटच्या नसा फारच वळणावळणाच्या होत्या, म्हणून मी फाइलवर 'होस्टाइल अ‍ॅनाटॉमी' असं लिहिलं. पुस्तकात असंच लिहितात. दुपारी बाई फाइल घेऊन माझ्या खोलीत आल्या.

"काय रे डॉक्टर, ह्या आजोबांचं तुझ्याशी वैर आहे?"

मी हसलो. त्या हसल्या नाहीत. पुस्तकातला शब्द आहे, असं मी सांगून पाहिलं. त्यावर त्यांनी जे ऐकवलं ते निम्मं मालवणीत होतं. त्या खऱ्या चिडल्या की मालवणीत शिरायच्या. मतलब असा, की त्या आजोबांनी सत्तर-ऐंशी वर्षं त्याच नसांवर काढली, त्या नसांनी त्यांचं काही वाईट केलं नाही. नळी आपली, घाई आपली, आणि वैरी म्हणे पेशंट. त्यांनी मला तो शब्द खोडायला लावला आणि वळणं किती, कुठे, चुना कुठे, हे मराठीत बोलून दाखवायला लावलं. वळण असणं वेगळं आणि कडक असणं वेगळं, हे मी त्या दिवशी शिकलो. मऊ नस कितीही वाकडी असली तरी आत ताठ वायर घातली की सरळ होते. चुन्याने कडक झालेली होत नाही. हे पुस्तकातही होतं, पण मला ऐकू आलं ते बाईंच्या तोंडून.

कंपनीचा एक माणूस लॅपटॉप घेऊन यायचा. त्याच्याकडे मापं काढणारा प्रोग्राम होता. दोनचार ठिकाणी टिचकी मारली की झडपेचा नंबर हजर. सरांना तो फार आवडायचा. बाईंनी त्याला शेजारी बसवलं, माप काढायला लावलं, लॅपटॉप मिटवायला लावला, त्याला चहा पाजला आणि म्हणाल्या, आता पुन्हा काढ. टिचकी केसभर इकडची तिकडे पडली असेल, नंबर दुसराच आला. बाईंनी त्याला विचारलं, पेशंटचं हृदय काय शिफ्टमध्ये काम करतं? तो बिचारा पुन्हा कधी त्यांच्या खोलीकडे फिरकला नाही. सरळ सरांकडे जायला लागला. हे जास्त वाईट झालं, पण त्या वेळी आम्ही पोट धरून हसलो.

बाईंचा राग नुसता आरडाओरड्याचा असता तर आम्ही त्याची नक्कल करून सोडून दिला असता. पण त्याच्यामागे काम असायचं. गिरगावातल्या एका निवृत्त पोस्टमनची महारोहिणी, म्हणजे हृदयातून निघणारी मोठी वाहिनी, जवळजवळ आडवी होती. अशा ठिकाणी नळी बाहेरच्या भिंतीला घासत राहते आणि झडपेच्या तोंडात शिरत नाही. बाईंनी आदल्या दिवशीच वहीत चित्र काढून ठेवलं होतं. दुसऱ्या बाजूने तारेचा फास आत न्या, नळीला पकडा आणि तिचं तोंड मध्यावर ओढा, असं. सरांनी वही न बघताच बाजूला सारली. ऑपरेशनच्या वेळी नळी चार वेळा फसली. सरांच्या कपाळावर घाम आला आणि त्यांनी फास मागितला. सिस्टरने तो तत्काळ हातात दिला, कारण बाईंनी सकाळीच तिला बजावून तो काढून ठेवायला सांगितला होता. पोस्टमन तिसऱ्या दिवशी चालत घरी गेला. सरांनी पुढे एका परिषदेत ही केस सांगितली तेव्हा मी सभागृहात होतो. बाईंचं नाव आलं नाही. मी परत आल्यावर त्यांना तसं सांगितलं, तर त्यांनी एवढंच विचारलं की आजोबा आता जिना चढतात का.

हे सगळं मी आंगणे काकूंपर्यंत यायचं टाळत सांगतोय, हे मला कळतंय.

आंगणे काकू कॉटन ग्रीनच्या. चाळीत दुसऱ्या मजल्यावर काकू आणि काका दोघंच. काका पूर्वी गोदीत कारकून होते. मूलबाळ नाही. काकू चौऱ्याहत्तरच्या, झडप पार आखडलेली. छातीच्या कॅन्सरवर पूर्वी रेडिएशनचे शेक घेतलेले आणि फुप्फुसं कमजोर, त्यामुळे छाती उघडायला सर्जनने साफ नकार दिला होता. एकच रस्ता उरला होता, जांघेतून. तो मोकळा आहे की नाही ते सीटीवर ठरणार होतं. तो मोकळा नसेल तर काकूंना फक्त गोळ्या द्यायच्या आणि वाट बघायची. कशाची, ते सगळ्यांना माहीत होतं.

त्यांचा सीटी झाला गणपतीच्या आदल्या दिवशी. वर्षभर रजा न घेणाऱ्या मयेकर बाई गणपतीला मात्र दहाबारा दिवस गावी जायच्या. निम्मा विभागच कोकणात गेलेला असायचा. काकूंना सकाळी दहाची वेळ दिली होती, नंबर लागला दुपारी तीनला. चार तास काही खाल्लेलं नसावं असा नियम असतो. बाईंच्या बदलीच्या मुलाने फॉर्मवरच्या त्या चौकटीत बरोबरची खूण केली आणि स्कॅन केला. मापं कंपनीच्या लॅपटॉपवर निघाली. उजवी नस चार पूर्णांक सहा मिलिमीटर, डावी त्याहून बारीक, दोन्ही वेड्यावाकड्या. नळीला किमान पाच लागतात. गुरुवारच्या मीटिंगमध्ये सरांनी पडद्याकडे दोन मिनिटं बघितलं आणि अनसूटेबल म्हणून निकाल दिला. त्या दिवसांत आमच्या विभागाची कुठल्याशा मान्यतेसाठी तपासणी होणार होती, आणि तोवर अवघड केस घ्यायच्या नाहीत हे न बोलता ठरलेलं होतं. फलकावर जे छापलंय त्याच्या बरोबर उलट. काकू माझ्या पेशंट, म्हणून खाली सही माझी.

काकूंना मीच सांगितलं. शब्द मवाळ वापरले, अर्थ तोच. काकूंनी भांडण केलं नाही, रडल्या नाहीत. "जिना चढण्याइतपत तरी होईन ना डॉक्टर?" एवढंच विचारलं. मी म्हटलं, बघू. त्यांनी मला नमस्कार केला.

विसर्जनानंतर बाई गावाहून आल्या आणि सवयीप्रमाणे आपल्या मागे झालेले स्कॅन तपासायला बसल्या. अर्ध्या तासात त्या माझ्या दारात होत्या. हातात काकूंची फाइल.

"ह्या बाईचं आडनाव वाच. वय वाच. आता तारीख वाच."

मी तिन्ही वाचलं. माझ्या डोक्यात काही प्रकाश पडला नाही.

"हरतालिका होती रे त्या दिवशी. ही बाई आदल्या रात्रीपासून पाण्याचा थेंब न घेता आलीय, आणि तुम्ही तिला तीन वाजेपर्यंत एसीत बसवलंत. कोणी विचारलं तिला?"

कुणीही विचारलं नव्हतं. काकू उपाशी आलेल्या बघून उलट सगळे खूश झाले होते. माझ्या स्वतःच्या घरात आई दरवर्षी हरतालिकेला कडक उपास धरते, आणि मला ती तारीख दिसली नाही. बदलीच्या मुलाला दिसली नाही, लॅपटॉपला तर दिसायचा प्रश्नच नव्हता. अंगात पाणी नसलं आणि अंग गारठलं की नसा आखडतात, हे आम्हाला पहिल्या वर्षाला शिकवलेलं असतं. बाईंनी मला त्या दिवशी मेल्या, अक्कलशून्य आणि आणखी बरंच काही म्हटलं. दार उघडं होतं, बाहेर पेशंट बसलेले होते.

त्याच संध्याकाळी त्या कॉटन ग्रीनला गेल्या. काकूंच्या घरी बसून काय खायचं, किती पाणी प्यायचं ते काकांना लिहून दिलं. शुक्रवारी सकाळी दोघांना टॅक्सीत घालून स्वतः घेऊन आल्या. सोनोग्राफीच्या खोलीत काकूंच्या पायांवर गरम शाल घातली, आणि तिथल्या डॉक्टरीणबाईंकडून जांघेतल्या नसांचं माप तीनदा काढून घेतलं. उजवी नस तिन्ही वेळा पाचाच्या वर आली. मग जुन्याच सीटीवर त्यांनी पोटातल्या वळणांचा सगळा रस्ता पुन्हा तपासला. वळणं होती, चुना नव्हता. बारा वाजता वही माझ्या टेबलावर उघडली.

"भरती कर हिला. सोमवारी होऊन जाईल."

मी म्हटलं, सर परदेशी आहेत, बुधवारी येतील. निर्णय मीटिंगचा आहे.

"भरतीच्या कागदावर तुझी सही चालते."

चालत होती. मला ते माहीत होतं आणि मला माहीत आहे हे बाईंना माहीत होतं. काकू वॉर्डात राहिल्या असत्या, सलाइन, ऑक्सिजन, मॉनिटर सगळं हाताशी असतं, आणि दुसरे वरिष्ठ डॉक्टर झडप बसवायला तयारही झाले असते. मी सरांना मेसेज केला. उत्तर आलं, आल्यावर बोलू. मी तो मेसेज बाईंना दाखवला, जणू तो माझा दाखला होता. बाईंनी तो वाचला, वही मिटली आणि त्या काही न बोलता गेल्या. रागावलेल्या मयेकर बाई मी शंभरदा पाहिल्या होत्या. गप्प बसलेल्या मी तेव्हाच पहिल्यांदा पाहिल्या. तरीसुद्धा मी सही केली नाही.

काका-काकू बाहेर बाकावर बसले होते. बुधवारनंतर कळवतो, असं मी त्यांना सांगितलं. काकूंनी पुन्हा नमस्कार केला.

मंगळवारी दुपारी काकू जेवायचं ताट घेऊन बसल्या आणि तशाच कलंडल्या. काकांनी हॉस्पिटलला फोन केला तो मयेकर बाईंच्या नंबरवर. माझाही नंबर त्यांच्याकडे होता.

त्या गुरुवारच्या मीटिंगला बाई आल्या. टेक्निशियन त्या मीटिंगला येत नाहीत, आलेच तर दाराशी उभे राहतात. बाई आत आल्या, संगणकाजवळच्या खुर्चीत बसल्या आणि त्यांनी पडद्यावर आंगणे काकूंचा स्कॅन लावला. सर नुकतेच परतले होते. आम्ही आठदहा जण होतो. कुणी काही म्हणायच्या आत त्यांनी सुरुवात केली होती.

त्यांनी पूर्ण ऑपरेशन सांगितलं. नळी उजव्या बाजूने आत, इथे ताठ वायर, वायर वर गेली की हे वळण सरळ होतं, हे दुसरं वळणही सरळ होतं, आणि ते त्यांनी हाताने रेघ ओढून दाखवलं. इथे घाई करायची नाही. कॅमेरा इतक्या अंशावर ठेवायचा म्हणजे झडपेच्या तिन्ही पाकळ्यांची मुळं एका रेषेत दिसतात. झडपेचं माप त्यांनी सांगितलं, ती कुठे उघडायची तेही. आवाज चढला नाही. मालवणीचा एक शब्द नव्हता. रोज इतर केस सांगाव्या तशी त्यांनी ही सांगितली. पंधरा-वीस मिनिटं त्या खोलीत एका मेलेल्या बाईच्या हृदयात नवी झडप बसत होती, आणि ती नीट बसली.

सर म्हणाले, "मयेकर बाई, पेशंट गेलेली आहे. आता याचा उपयोग काय?"

"उपयोग काही नाही, सर. पण तुमच्या कागदावर ती अजून अनसूटेबल आहे. ती तशी नव्हती. तिच्या नसा वाकड्या होत्या, पण मऊ होत्या. त्या दिवशी तहानलेल्या होत्या. एवढं लिहा आणि मग फाइल बंद करा."

मीटिंगचा अहवाल लिहायचं काम माझं होतं. सर माझ्याकडे बघत होते. मी लिहिलं, चर्चा झाली. बाईंनी माझ्या खांद्यावरून वाकून ते वाचलं आणि त्या निघून गेल्या.

पुढच्या आठवड्यात त्यांना नोटीस मिळाली. परवानगीशिवाय पेशंटच्या घरी गेल्याबद्दल. झडपांची मापं त्यांच्याकडून काढून घेतली आणि त्यांना तळमजल्यावर साध्या एक्स-रेवर बसवलं. निवृत्तीला तीनच महिने राहिले होते. त्या तीन महिन्यांत त्या माझ्याशी कामापुरतं बोलल्या, अहो डॉक्टर म्हणून. निरोपसमारंभ ठरला, केक आला, सर भाषण तयार करून आले, आणि बाई आल्याच नाहीत. मला तेव्हा त्यांचाही राग आला होता. माफी मागण्याची एक संधी त्यांनी आम्हाला द्यायला हवी होती, असं वाटलं होतं. किती निर्लज्जपणा असतो माणसात.

त्यानंतर महिन्याभराने एका रविवारी मी लालबागला त्यांच्या घरी गेलो. मसाला कुटून देणाऱ्या दुकानांच्या पलीकडे गाडी लावली आणि त्यांच्या चाळीचा जिना चढलो. बाईंनी दार उघडलं. आत या म्हणाल्या नाहीत. मी गॅलरीतच उभा राहिलो. शेजारच्या दारातून कुणीतरी डोकावलं आणि आत गेलं.

मी पाठ करून आलेलं बोललो. माझं चुकलं, मी सही करायला हवी होती, मी घाबरलो, रोज आठवण येते, असं सगळं. बाईंनी पूर्ण ऐकून घेतलं.

"हे मला कशाला सांगता?" त्या म्हणाल्या. "आंगण्यांच्या घरी गेलात?"

मी गेलो नव्हतो.

"म्हातारा एकटा आहे. त्याला अजून वाटतं, बायकोच्या नसा खराब होत्या. त्याला कोणी सांगितलेलं नाही. मी सांगणार नाही. सही माझी नव्हती."

 त्यांनी कठड्याशी येऊन खाली हात केला. चाळीच्या फाटकातून उजवीकडे वळलं की काळाचौकीवरून कॉटन ग्रीन चालत वीस मिनिटं. चाळीचं नाव, मजला, दाराचा रंगसुद्धा सांगितला. मी हो म्हटलं आणि जिना उतरलो.

फाटकाशी पोचल्यावर मी वर पाहिलं. मयेकर बाई कठड्यावर दोन्ही हात टेकून उभ्या होत्या. चष्मा कपाळावरून डोळ्यांवर घेतला होता आणि मी कोणत्या बाजूला वळतो ते बघत होत्या. त्यांना मी पाहिलं ते शेवटचं.

गाडी डावीकडे होती. मी डावीकडे वळलो.